गोबरगॅसच्या लोखंडी टाकीस गंजापासून कसे जपावे?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात, इरई धरणाच्या जलाशयानजीक व ताडोबाच्या अरण्याच्या अगदी दाराशी मोहर्ली हे गाव वसलेले आहे. ताडोबा येथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली लगतचे अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. बाहेरगावचा पाहुणा मोहर्लीस येतो तो वाघ दिसावा या इच्छेने. या परिसरातील गृहिणी कोयता व दोर घेऊन सरपणास निघते ती वाघ दिसू नये अशी मनोमन प्रार्थना करीत. सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी रानात गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या दुःखद वार्ता या जिल्ह्यात वरचेवर ऐकू येतात.

प्रस्तुत लेखात वाघाविषयी काही सांगावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते लोखंडाच्या गंजाविषयी. तथापि या दोहोंचा परस्परांशी संबंध आहे, आणि तो कसा हे आरंभीच एका साध्या हिशेबाने पाहणे इष्ट होईल.

गोठ्यात बांधलेल्या एका मोठ्या जनावरापासून दिवसाकाठी सुमारे १० किलो शेण मिळते. अशा २५ किलो शेणापासून साधारणतः १ घनमीटर गॅस तयार होतो. चार-सहा माणसांच्या कुटुंबास पुरेसे असे २ घनमीटरचे संयंत्र चालवावयाचे तर रोज ५० किलो शेण, म्हणजे पाच जनावरे हवीत. एक घनमीटर गॅस चुलीत जळणाऱ्या सुमारे साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. म्हणजेच असे संयंत्र दिवसाला ७ किलो आणि वर्षाला अडीच हजार किलोंहून अधिक लाकूड वाचविते. डोक्यावरील एक मोळी २५ किलोची धरली, तर या शंभर मोळ्या झाल्या. घरची बाई रानात शंभर वेळा जाते, किंवा जात नाही, एवढा हा फरक आहे.

येथे एक गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. अरण्यालगतच्या गावांत जनावरे दिवसभर रानात चरावयास जातात. दिवसाचे शेण रानातच पडते. गोठ्यात मिळते ते केवळ रात्रीचे. तेव्हा पाच जनावरांच्या मालकास पाच जनावरांचे संयंत्र सुचविणे हे कागदावर ठीक दिसले, तरी प्रत्यक्षात ते अर्धपोटी राहते. जनावरे मोजू नयेत, सकाळी गोठ्यात पडलेले शेण पाटीने मोजावे.

स्वयंपाकाच्या गॅसची सिलिंडरे खेडोपाडी पोहोचली आहेत हे खरे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक गरीब घरांत शेगडी आली. परंतु सिलिंडर संपले की पुन्हा भरण्यास रोख पैसा लागतो, आणि धान विकून झाल्यावर जो पैसा हाती असतो तो पावसाळ्याच्या तोंडी नसतो. मग सिलिंडर कोपऱ्यात राहते व चूल पुन्हा पेटते. शेणास रोख पैसा लागत नाही. या कारणास्तव गोबरगॅसचे महत्त्व आजही कमी झालेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे असता कोणत्याही खेड्यातून फेरी मारावी; एखाद्या परसात उलटी टाकलेली, चाळणीसारखी भोके पडलेली लोखंडी टाकी आढळते. तिच्यावर मिरच्या वाळत असतात, किंवा कोंबड्या तिच्या सावलीत बसलेल्या असतात. जमिनीतील विहीर धडधाकट असते, शेणही असते, परंतु टाकी गंजली म्हणून संयंत्र बंद पडलेले असते. मालकास विचारावे तर उत्तर ठरलेले: “टाकी सडली.” लोखंड सडते हे खरे, पण ते एका दिवसात सडत नाही, आणि सडण्याच्या प्रत्येक पायरीवर त्यास अडविता येते.

या संयंत्राचा इतिहास आपल्या प्रांतास अपरिचित नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतून गॅस गोळा करण्याची व्यवस्था केल्याची नोंद आहे. शेणापासून गॅस मिळविण्याचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास श्री. देसाई यांनी केले. पुढे १९५० नंतरच्या दशकात श्री. जशभाई पटेल यांनी विहिरीवर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी बसविण्याची रचना सिद्ध केली, तिला ‘ग्रामलक्ष्मी’ असे नाव दिले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती रचना पत्करून देशभर पसरविली. गॅस साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. किती गॅस शिल्लक आहे हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. या रचनेत हीच मोठी सोय आहे. आणि लोखंड शेणकाल्यात बुडून राहते, हेच तिच्यातील मोठे वैगुण्य आहे.

आता लोखंड गंजते म्हणजे काय होते ते पाहू. आपल्याच भागात सिंदेवाहीकडील लोहारा आणि गडचिरोलीतील सुरजागड येथील लोहखनिज प्रसिद्ध आहे. त्या दगडाचा लालसर रंग व टाकीवरील गंजाचा तांबूस रंग यांत साम्य दिसते, आणि ते केवळ दिसण्यापुरते नाही. खाणीतील दगडात लोखंड व प्राणवायू यांचे संयुग असते. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने प्राणवायू काढून टाकला की लोखंड मिळते. गंजताना हीच क्रिया उलट होते. पाण्याच्या सान्निध्यात लोखंड हवेतील प्राणवायू परत ओढून घेते व पुन्हा मातीमोल होऊ पाहते. याकरिता पाणी व हवा दोन्ही लागतात. कोरड्या हवेत खिळा वर्षानुवर्षे टिकतो. ज्या पाण्यात हवा मुळीच विरघळलेली नाही अशा पाण्यातही तो सावकाश गंजतो. दोन्ही एकत्र आली की मात्र वेळ लागत नाही.

शिवाय गंजाचा एक दुर्गुण असा, की तो भुसभुशीत असतो. तांब्याच्या भांड्यावर येणारा हिरवट थर किंवा ॲल्युमिनियमवरील पातळ थर धातूस चिकटून बसतो व खालच्या धातूचे काही अंशी रक्षण करतो. लोखंडाचा गंज फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खाली नवे लोखंड उघडे पडते. म्हणून “थोडा गंज आला आहे, असू द्या” असे म्हणून चालत नाही.

गोबरगॅसच्या टाकीस या सर्वसाधारण शत्रूखेरीज आणखी एक शत्रू असतो. या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक भाग ज्वलनशील मिथेन व उरलेला बहुतांश कर्बद्विप्राणिल वायू असला, तरी अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायूही असतो. टाकीच्या आतील बाजूस सदैव दव साचलेले असते. हे दोन्ही वायू त्या दवात विरघळले की ते पाणी आंबट, म्हणजे आम्लधर्मी होते, आणि जेथे बाहेरची हवा शिरते तेथे या गंधकाच्या वायूपासून जीवाणूंच्या योगे गंधकाम्लही तयार होते. टाकीचा पत्रा दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचा असतो. बाहेरून पाऊस व ऊन, आतून आम्ल, अशा दुहेरी कात्रीत तो सापडतो.

टाकी सर्वत्र सारखी गंजत नाही, आणि ही गोष्ट शेतकरी बंधूंनी आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहावी. काढलेल्या जुन्या टाकीचे नीट निरीक्षण केले असता बहुधा असे आढळते, की शेणकाल्यात नित्य बुडालेला तळाचा काठ त्या मानाने बरा राहिलेला असतो, कारण तेथे हवा पोहोचत नाही. वरचे झाकणही, रंग असेल तर, तग धरून असते. खरी हानी होते ती मधल्या पट्ट्यात, जेथे टाकी वरखाली होताना पत्रा कधी भिजतो व कधी वाळतो. ओल्या शेणाचा लेप, त्यावर हवा, पुन्हा ओल, पुन्हा हवा, हा क्रम दिवसातून दोनदा तरी घडतो. त्यातच वाळलेल्या शेणाची खरपुडी पत्र्यास चिकटून राहिली तर तिच्याखाली हवा कमी व बाहेर अधिक, अशी विषम स्थिती होते. अशा स्थितीत जेथे हवा कमी पोहोचते तेथील लोखंड झिजते. म्हणूनच खरपुडीखाली सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते आणि मालकास त्याचा पत्ता गॅस कमी पडू लागल्यावरच लागतो. दुसरी नाजूक जागा म्हणजे वेल्डिंगच्या शिवणी. तिसरी, मधल्या मार्गदर्शक नळीशी टाकी घासते ती जागा. तेथला रंग प्रथम जातो.

यावरून रोजचे एक छोटे काम निघते. टाकी वर आली असता तिच्या अंगावरील शेणाचा थर केरसुणीने पाणी मारून धुऊन काढावा आणि टाकी हाताने दोन्ही बाजूंस थोडी फिरवावी. फिरविल्याने शेणकाल्यावर येणारी साय मोडते व गॅस मोकळा होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. धुण्याचा लाभ मात्र फारसा कोणी सांगत नाही.

मुख्य उपाय म्हणजे रंग. जमिनीत पुरलेल्या पेट्रोलच्या टाक्या व तेलाच्या नळमार्गांचे रक्षण करणारे तंत्रज्ञही प्रथम हेच करतात. लोखंडास डांबर, इपॉक्सी अथवा प्लास्टिक यांचे अखंड आवरण देतात. त्यानंतर ते आणखी एक युक्ती योजतात. नळास तारेने मॅग्नेशियम किंवा जस्त यांचा गोळा जोडून तोही जमिनीत पुरतात. या धातू लोखंडाहून अधिक लवकर झिजणाऱ्या आहेत; त्या स्वतः झिजतात व लोखंड वाचते. इंग्लंडात हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हे तत्त्व प्रथम वापरले. आपल्या घरची जस्ताचा मुलामा दिलेली बादली ओरखडा उठूनही बरेच दिवस गंजत नाही, ती याच कारणाने. घरगुती गोबरगॅससाठी असे गोळे पुरण्याची आवश्यकता नाही. रंग वेळेवर दिला तर तेवढ्याने काम भागते.

रंग केव्हा द्यावा? आमच्या मते चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात महाशिवरात्रीपासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत योग्य होय. धानाची मळणी उरकलेली असते, हवा कोरडी असते, आणि मोहफुलांचा व पुढे तेंदूपानांचा हंगाम अद्याप सुरू झालेला नसतो. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर दिलेला रंग वरून वाळतो, आतून ओला राहतो व पुढे त्यास फोड येतात. पावसाळ्यात तर रंगाचे नावच काढू नये. टाकी काढल्यापासून परत बसवेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. तेवढ्या दिवसांचे इंधन आधी साठवून ठेवावे. शेणकाल्यातील जीवाणू या काळात मरत नाहीत. फक्त नव्या शेणाची भर थोडी कमी करावी.

टाकी काढण्यापूर्वी जी दक्षता घ्यावयाची ती येथे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण रंग चुकला तर पैसा जातो, येथे चूक झाली तर जीव जातो. प्रथम स्वयंपाकघरातील व टाकीवरील दोन्ही कॉक बंद करावेत. नळी सोडवावी. मग टाकीवरील कॉक उघडून सर्व गॅस हवेत सोडून द्यावा. टाकी पूर्ण खाली बसेपर्यंत थांबावे. या वेळी आसपास विडी, काडी, चूल, कंदील, विजेची मोटार काहीही चालू असू नये. नंतर चार-सहा जणांनी दोर व बल्ली लावून टाकी उचलावी. २ घनमीटरच्या संयंत्राची टाकीही वजनाने शंभर किलोंच्या पुढे असते. उचलताना कडेच्या शेणकाल्यात अडकलेला गॅस एकदम बाहेर येतो, म्हणून तोंड टाकीच्या काठावर आणू नये.

आणि कोणत्याही कारणाने माणसाने विहिरीत उतरू नये. हातातील पाना आत पडला तरी उतरू नये. गंधकाचा तो वायू हवेहून जड असल्याने विहिरीत साठून राहतो. थोडा असता त्याचा वास येतो, अधिक असता नाक बधिर होते व वास येईनासा होतो, आणि माणूस काही कळण्यापूर्वी खाली पडतो. एकास वाचविण्यासाठी दुसरा उतरतो व तोही जातो. उघड्या विहिरीभोवती टाकी परत बसेपर्यंत काटेरी कुंपण घालावे. लहान मुले व वासरे यांचा विसर पडू देऊ नये.

बाहेर काढलेली टाकी तोंड वर करून मोकळ्या जागी ठेवावी, म्हणजे हवेहून हलका असलेला मिथेन निघून जाईल. पाण्याने आतून-बाहेरून भरपूर धुवावी. कोठे वेल्डिंग करावयाचे असेल तर अशा रीतीने धुतलेली टाकी एक-दोन दिवस उघडी ठेवल्यावरच वेल्डिंगवाल्याकडे न्यावी. आत गॅस राहिलेल्या टाकीस ज्योत लावणे म्हणजे बाँबगोळ्यास बत्ती देणे होय. टाकी धुऊन कोरडी झाली की लहान हातोडीने सर्व अंगावर हलके ठोके मारावेत. चांगला पत्रा खणखणतो. झिजलेला पत्रा भद्द वाजतो. अशा जागी खडूने खूण करून तेथे पत्र्याचा तुकडा जोडून घ्यावा. वरून रंग दिला म्हणजे पातळ पत्रा जाड होत नाही.

यानंतरचे काम कष्टाचे आहे आणि त्यातच सर्व यश आहे. खरवडणीने पापुद्रे काढावेत, तारेच्या ब्रशाने घासावे, मग पॉलिश कागदाने पत्रा चमकेपर्यंत साफ करावा. शेणाचा स्निग्धपणा राहिला असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. गंजावर दिलेला रंग पत्र्यास लागत नाही, गंजास लागतो, आणि गंज सुटला की रंगही त्याच्यासह सुटतो. बाजारातून महाग रंग आणून घाईने फासण्यापेक्षा साधा रंग स्वच्छ पत्र्यावर देणे केव्हाही चांगले. जेवढा भाग साफ झाला तेवढ्यावर त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा. रात्रीच्या दवाने उघड्या पत्र्यावर सकाळी पुन्हा तांबूस छटा आलेली दिसते.

अस्तरासाठी रेड ऑक्साइड वापरावे. जुने रंगारी शेंदराचा आग्रह धरतात. शेंदूर गंजास रोखतो हे खरे, परंतु तो शिशापासून बनतो व शिसे विषारी आहे. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा घालण्यात आली आहे. टाकीतून निघणारी मळी शेतात जाते, जनावरे टाकी चाटतात. तेव्हा शेंदूर नको.

अस्तरावर डांबरी काळ्या रंगाचे, अर्थात बिटुमिनस पेंटचे किंवा ब्लॅक जपानचे, दोन हात द्यावेत. आतील बाजूस व मधल्या पट्ट्यास ऐपतीप्रमाणे कोलटार इपॉक्सी द्यावा. तो आम्लास अधिक दाद देत नाही. हा रंग दोन डब्यांत येतो. दोन्ही मिसळल्यावर काही तासांतच तो घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवावा. हातमोजे घालावेत, कारण डांबर त्वचेस अपायकारक आहे, आणि टाकी परत बसविण्यापूर्वी आठवडाभर त्यास पक्का होऊ द्यावे. शिवणी, कडा व बोल्ट यांवर आधी लहान ब्रशाने एक हात देऊन मग सर्वत्र रंग द्यावा. अस्तर तांबडे व वरचा रंग काळा असल्याचा एक फायदा असा, की जेथे ब्रश फिरला नाही तेथे तांबडे डोकावते; घरातील लहान मुलगाही ती जागा दाखवू शकतो.

रंग किती लागेल? टाकीचा व्यास सव्वा मीटर व उंची एक मीटर धरली, तर आतून-बाहेरून मिळून सुमारे १० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. एका लिटरात ८ ते १० चौरस मीटर रंगविले जातात. तीन हातांस साडेतीन ते चार लिटर पुरावेत. नव्या टाकीच्या किमतीशी या चार लिटरांची तुलना ज्याने त्याने आपल्या गावच्या दुकानात करून पाहावी.

दर महिन्यास टाकीवर जळके ऑइल चोपडावे असाही एक स्वस्त उपाय सांगितला जातो. त्याचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण ते ऑइल शेणकाल्यात उतरले तर तेथील जीवाणूंस बाधते आणि मळीतून शेतात जाते. काही संयंत्रांत दुहेरी भिंत बांधून मधल्या स्वच्छ पाण्यात टाकी तरंगत ठेवतात; अशा ठिकाणी पाण्यावर तेलाचा पातळ थर चालू शकेल. एरवी त्याची शिफारस करवत नाही. दुहेरी भिंतीची रचना स्वतःच उत्तम आहे. तीत टाकीस शेण लागत नाही व गंज निश्चितपणे मंदावतो.

जमिनीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या नळीविषयी थोडे सांगावयास हवे. जुन्या संयंत्रांतून जस्ताच्या मुलाम्याची लोखंडी नळी पुरलेली असते. गोठ्याच्या मोरीजवळून ती गेली असेल तर गोमूत्रातील क्षारांमुळे तेथे ती लवकर गंजते. भद्रावती-वरोरा भागातील चिकण काळ्या जमिनीत ओल दीर्घकाळ टिकते, तेथेही हीच अवस्था. नळीचा काही भाग चिकणमातीत व काही वाळूमुरमात असला तर चिकणमातीतील भागात हवा कमी पोहोचते आणि तोच आधी झिजतो. वर सांगितलेल्या खरपुडीचाच हा प्रकार. अशी नळी बदलावयाची वेळ आली की काळी प्लास्टिकची जाड नळी टाकावी. तीस उंदीर व ऊन यांपासून जपावे लागते, म्हणून ती उघडी न ठेवता वीतभर-हातभर खोल पुरावी व तीस एका बाजूस उतार ठेवून सर्वांत सखल ठिकाणी साचलेले पाणी काढण्याची तोटी बसवावी. शेगडीची ज्योत फडफडू लागली की नळीत पाणी साचले असे समजावे.

गंजाचा एक विधायक उपयोगही आहे, तो जाता जाता नमूद करतो. लोखंडाचा गंज हायड्रोजन सल्फाइडला शोषून घेतो. लोखंडाचा गंजलेला कीस भुशात मिसळून एका नळकांड्यात भरला व गॅस त्यातून नेला, तर शेगडीचे व इंजिनाचे भाग त्या वायूपासून वाचतात. कीस काळा पडला की बदलावा. टाकीस मात्र याचा लाभ नाही, कारण गॅस टाकीतून बाहेर पडल्यानंतरची ही व्यवस्था आहे.

नवे संयंत्र बांधू इच्छिणारे विचारतात, की मग लोखंडी टाकी घ्यावीच कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७८ साली उत्तर प्रदेशातील अजितमल येथे जनता संयंत्र व १९८४ साली ‘ॲफप्रो’ या संस्थेचे दीनबंधू संयंत्र पुढे आले. या दोहोंत लोखंडी टाकी नाही, विटांचा पक्का घुमटच जमिनीत असतो. काचतंतूच्या टाक्या मिळतात. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या वापरून लहान संयंत्र तयार केले, त्यास २००६ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ते प्रामुख्याने खरकट्यावर चालते. नव्या संयंत्रासाठी आम्हीही यांचाच विचार करण्यास सांगू. परंतु घुमटास गेलेली बारीक भेग डोळ्यांस दिसत नाही, ती बुजविण्यास जाणता गवंडी लागतो, आणि असा गवंडी प्रत्येक गावी नसतो. लोखंडी टाकीचे दुखणे दिसते आणि तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडे त्यावर इलाज आहे. ज्यांच्याकडे ती आहे व जिचा पत्रा अजून खणखणतो, त्यांनी ती टाकून देण्याचे कारण नाही. नव्या संयंत्राच्या व अनुदानाच्या माहितीसाठी पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे चौकशी करावी. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांनी २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेविषयी आपल्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडेही विचारावे.

रंग पक्का वाळल्यावर टाकी जशी काढली तशीच सावकाश, कॉक उघडा ठेवून, विहिरीत सोडावी. दोराने नवा रंग खरवडू नये म्हणून मध्ये पोते घालावे. टाकीच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाने महिना व वर्ष लिहावे, म्हणजे गावी येणाऱ्या कार्यकर्त्यास न विचारता कळेल. नळी जोडल्यावर सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये. पहिल्या खेपेस टाकी भरेल तो गॅस हवेशी मिसळलेला असतो व अशा मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. तो सर्व बाहेर सोडून द्यावा. दुसऱ्या खेपेस टाकी भरून वर आली की मगच शेगडी पेटवावी.